तू गावात नसलीस की पाणमांजरं जिंकतात

नार्विक, १४ ऑक्टोबर १९८४

ताइमीमावशी,

पत्र लिहायचं मी लांबवत होते, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तू ओरडायला लागशील तेव्हा मी दुसऱ्या परिच्छेदात पोचलेली असेन. कागद किरुनातच घेतले होते. पहिल्यावर एका ट्रकवाल्याने मला नार्विकचा रस्ता काढून दिला, दुसऱ्यात चीज गुंडाळलं, तिसऱ्यावर ‘ताइमीमावशी’ लिहिलं आणि तेवढ्यात खिडकीसमोरून एक माणूस खांद्यावर अख्खं लंबकाचं घड्याळ घेऊन गेला. चालताना ते वाजत होतं. मी त्याच्यामागे बाहेर गेले. कुठे गेला कुणास ठाऊक. परत आले तर कागदावर मांजर झोपलेलं.

आता मी रेल्वेच्या खानावळीत भांडी घासते. बंदरात लोखंडाचं खनिज भरतात, सगळ्या गावाच्या कॉलरी काळ्या. आणि समुद्र, मावशी, गोठत नाही! लोक म्हणतात जानेवारीतही नाही. आपल्याकडे समुद्रावर गाड्या जातात. इथे त्या पाण्याकडे बघितलं की पायाखाली भरवसाच वाटत नाही.

पण सांगायचं ते वेगळंच. खानावळीच्या रेडिओवर आपलं स्टेशन लागतं! गुरुवारी आणि रविवारी, संध्याकाळी, बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांच्या वेळी. निवेदक एका गावाहून दुसऱ्या गावी उडी मारतो, आणि ‘कोइवुसाल्मी’ म्हणाला की माझ्या हातातली बशी थांबते. आवाज नीट नसतो. येतो, जातो, लाटेसारखा. कधी कधी गोल होतो आणि कुणी केला तेच खरखरीत बुडून जातं. मग मी डोळे मिटून आपल्या संघाला, आपल्या पाणमांजरांना, त्या खरखरीतून घसरत जाताना बघते.

बघून सांगते, ऐक. आपला हंगाम कठीण आहे. आपला गोलरक्षक, तो पोरगा हौताला, गोलात स्वप्नं बघतो. डाव्या बाजूला फार लवकर आडवा पडतो. ओन्नी कप्तान आहे, देवमाणूस आहे, पण त्याचा गुडघा आता कप्तानाचं ऐकत नाही. आणि लाम्पी आपला संघ सोडून रान्ताला गावच्या सारसांकडे गेला, त्याबद्दल मला काहीच बोलायचं नाही. त्याच्या दातात पकाची चकती बसो!

तुझी सेन्या


कोइवुसाल्मी, २२ ऑक्टोबर

सेन्या,

मांजराने तुला अक्कल शिकवली म्हणायची. निदान ते कागदावर बसून तरी होतं.

हौताला लवकर पडत नाही. त्याच्यासमोरचे दोन बचावपटू उशिरा येतात, म्हणून तो लवकर पडल्यासारखा दिसतो. रेडिओ ऐकून हॉकी कळली असती तर माझ्या मोजे शिवायच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका प्रशिक्षक झाल्या असत्या. तिथे दिवसभर रेडिओच चालू असतो. मी कठड्याशी उभी असते, गोलच्या मागे, पोराचा घामाचा वास येतो तिथे. मला विचार.

तो गोलाच्या खांबांशी बोलतो. आधी डाव्याशी, मग उजव्याशी. कठड्यावरचा आपला एस्को म्हणतो, “वेडा आहे.” मी म्हटलं, “तू तुझ्या मोटरीशी बोलतोस, आणि ती चालू पण होत नाही.” एस्को अजून माझ्या उजव्या हातालाच असतो. डाव्या हाताची जागा तुझी. तिथे कुणी घुसलं तर मी कोपर काढते.

लाम्पीबद्दल तुला बोलायचं नाही, पण मला आहे. या गावात चालायला शिकला, आपल्या बर्फावर दात पडले त्याचे, आणि आता सारसांचा निळा सदरा घालून हसतो. नव्या दातांनी!

एक सरळ सांगते. आपण शेवटून तिसरे आहोत. तळाला राहिलो तर खालच्या विभागात. कागद गिरणी आधीच माणसं कमी करतेय. पाणमांजरंही गेली की या गावाचं नाव रेडिओवर कोण घेणार?

संतदिनाला ये. तुझ्या आजी-आजोबांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायच्यात, एकटीने लावल्या की वाऱ्याला फावतं. दुसऱ्या दिवशी घरी सारसांशी सामना आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू हसतेस की रडतेस तेच मला कळत नाही.

ताइमीमावशी


नार्विक, १२ नोव्हेंबर

मावशी,

पोचले. बसमध्ये सगळा वेळ झोपले, आणि झोपेत सगळा वेळ कबरस्तान दिसत होतं. बर्फात खड्डे करून ठेवलेल्या त्या मेणबत्त्या, हजारभर तरी असतील, आणि मध्ये तू, टोपी कानांपर्यंत ओढलेली, आजोबांना सांगतेस, “बाबा, उद्या सारस आहेत. तिकडून काही जमलं तर बघा.”

बाबांना जमलं नाही. सात-एक!

सातवा गोल झाल्यावर आख्ख्या हॉलमध्ये जी शांतता पडली ना, ती मी अजून बरोबर घेऊन फिरतेय. बर्फावर कुणाचे तरी ब्लेड चरचरत होते तेवढंच. आणि त्या शांततेत एस्को माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाला, “पोरी, परत कधी जाणार म्हणालीस?” सगळा कठडा हसला. मीही हसले. तूही हसलीस, मी बघितलं.

माझ्या खोलीत तू काहीच हलवलं नाहीस. माझा शाळेचा नकाशासुद्धा भिंतीवर तसाच, ज्याच्यावर मी सगळ्या देशांना चुकीचे रंग दिले होते. पहाटे जाग आली तेव्हा तू स्वयंपाकघरात कॉफी करत होतीस आणि रेडिओशी भांडत होतीस. मला वाटलं, उठूच नये. असंच पडून राहावं, वसंत येईपर्यंत.

पण उठले. कशाला उठले, माहीत नाही. एका जागी फार वेळ राहिले की माझे तळपाय खाजतात.

सेन्या

ता. क. हौताला लवकर पडतो. मी या डोळ्यांनी पाहिलं.


कोइवुसाल्मी, २ डिसेंबर

सेन्या, ऐक, ऐक!

तू बसमध्ये चढलीस त्या आठवड्यापासून आपण हरलेलो नाही. एकही नाही! राजधानीच्या श्रीमंतांना त्यांच्या घरी जाऊन हरवलं. ओन्नी तिसऱ्या सत्रात, दोन मिनिटांची शिक्षा भोगून बाहेर आला आणि आला तसाच, शिक्षेच्या पेटीच्या दारातूनच, पक घेऊन सुटला. गुडघा मागे राहिला असेल, ओन्नी पुढे गेला. आणि हौताला असा उभा राहतोय, जणू गोलाचं दार आतून लावून घेतलंय.

कठड्याशी काय चाललंय ते सांगते. कुणी काही बदलायचं नाही, असं ठरलंय. मी हिरव्या मोज्यांच्या आत राखाडी मोजे घालते, तेच. एस्को मध्यंतरात मोहरी लावलेलं सॉसेज खातो, तेच, डॉक्टरने नको म्हटलंय तरी. बेकरीवाल्याच्या बायकोला एका सामन्याला शिंक आली होती, त्यात आपण जिंकलो. आता बिचारी दर वेळी मिरपूड घेऊन येते.

आणि तुझा विषय निघाला. एस्को म्हणाला, “ताइमी, भाची तुझी, राग मानू नकोस. पण पोरगी पांढऱ्या पायाची आहे.”

मी म्हटलं, “तोंड सांभाळ.”

“मी काय खोटं बोलतोय? गेल्या वर्षी ती इथे उभी होती, आपण घसरलो. सप्टेंबरात गेली, जरा सावरलो. संतदिनाला आली, सात खाल्ले. परत गेली, आता बघ!”

त्यावर बेकरीवाला म्हणाला, “तिला वर्गणी काढून अजून लांब पाठवू या.”

मी दोघांनाही कोपर मारलं. पण सेन्या, घरी येताना बर्फावरची घसरगाडी ढकलत मी मनातल्या मनात सगळे सामने पुन्हा आठवले. आणि खरं सांगू? तो म्हणतो तसंच आहे की गं!

ताइमीमावशी


लोफोतेन, १० डिसेंबर

मावशी,

पत्ता बदललाय, वर बघ. खानावळ सोडली. का सोडली ते लिहायला घेतलं तर पान भरेल, आणि खरं कारण एवढंच की बंदरात एक होडी उभी होती आणि तिच्यावर जागा होती. आता मी बेटावर आहे. बोर्गहिल्ड नावाच्या बाईच्या घरात माडीवर राहते आणि माशांच्या कोठारात काम करते. बोर्गहिल्ड उंच आहे, कमी बोलते, आणि तिला मासा सोडून कशातच रस नाही. हॉकी म्हटलं की ती विचारते, “ते खातात का?”

इथे आता सूर्य उगवतच नाही. दुपारी जरा निळं होतं, मग तेही पुसलं जातं. या निळ्यात सगळी घरं तरंगताना दिसतात, माणसं बोलतात तेही पाण्याखालून बोलल्यासारखी. रेडिओ मात्र इथे नार्विकपेक्षा छान लागतो! सभोवती नुसतं पाणीच पाणी आहे म्हणून असेल. परवा ओन्नीचा गोल मी स्पष्ट ऐकला. ऐकला आणि उडी मारली आणि डोकं छपराला लागलं. बोर्गहिल्ड वर येऊन म्हणाली, “मासा?” मी म्हटलं, “हो, मोठा.”

पांढऱ्या पायाची ऐकून खूप हसले.

मावशी, नाताळला येऊ का? सुट्टी आहे. भातात नशिबाचा बदाम लपवशील तेव्हा या वर्षी तरी मला मिळेल असा लपव. आईकडे स्वीडनला जायचं माझ्या मनात नाही. तिचं नवं घर, नवी माणसं, तिथे मी पाहुणी. आणि सव्वीस तारखेला घरी सामना आहे असं निवेदक म्हणाला. मी कठड्याशी येणार नाही. पाहिजे तर घरात बसेन. स्वयंपाकघरात.

सेन्या


कोइवुसाल्मी, १७ डिसेंबर

सेन्या,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

या नाताळला राहू दे. तुला वाटेल मावशीला वेड लागलंय. लागलंय. पण आपण पाचव्या जागेवर आहोत, पोरी! पाचव्या! गिरणीतली माणसं सकाळी हसत कामाला जातात. ओन्नीची बायको दुकानात मला म्हणाली, “ताइमी, सेन्या नाताळला येणार नाही ना? नाही, सहज विचारलं.” सहज! हातातलं लोणी तिने इतकं घट्ट धरलं होतं की त्यावर बोटं उमटली.

मी काय सांगणार होते? माझ्या पोरीला मी बोलावणार आणि सव्वीसला सारस येऊन आपल्याला खाऊन जाणार? आयुष्यभर मला ऐकावं लागेल. तुलाही. हंगाम मार्चच्या सुरुवातीला संपतो. मग ये, मग उन्हाळाभर राहा, तळपाय खाजले तर मी ब्रशने घासून देईन.

पार्सल पाठवतेय. त्यात वेलचीचे पाव आहेत, लोकरी मोजे आहेत आणि एक बदाम आहे. तो तुझाच.

तिथे आहेस तिथे शांत राहा, आणि रेडिओ ऐकताना ज्या बाजूला झोपतेस ती बाजू बदलू नकोस.

ताइमीमावशी


कोइवुसाल्मी, २७ जानेवारी १९८५

सेन्या,

पार्सल मिळालं का? नाताळ गेला, नवीन वर्ष गेलं, तुझं एक अक्षर नाही. कागदावर पुन्हा मांजर झोपलं का?

इकडे सगळं बिघडलंय. तेरा तारखेपर्यंत ठीक होतं. त्या दिवशी घरी सारसांशी सामना, हॉल खच्चून भरलेला, बाहेर भुरुभुरु बर्फ. दुसऱ्या सत्राअखेर आपण दोन गोलांनी पुढे होतो. एस्कोने सॉसेज खाल्लं, बेकरीवालीने शिंक काढली, सगळं सगळं नेहमीसारखं. आणि तिसऱ्या सत्रात चार खाल्ले. चार! दोन लाम्पीचे. प्रत्येक गोलानंतर तो आमच्या कठड्यासमोरून घसरत गेला, सावकाश, टोपी काढायची राहिली होती फक्त. मी त्याला जे जे बोलले ते कागदावर येत नाही.

तेव्हापासून आपण जिंकलेलो नाही. हौताला खांबांशी बोलेनासा झालाय. ओन्नी बाकावर बसून गुडघ्याला बर्फ लावतो. तोच बर्फ, ज्याच्यावर पडला. सातवे, मग नववे, आता शेवटच्याच्या वर.

गुरुवारी कठड्याशी एस्को माझ्या कानात म्हणाला, “ताइमी, काहीतरी हललंय. पोरगी कुठे आहे?”

“लोफोतेनला.”

“नक्की?”

म्हणून विचारते. खरं सांग हं. तू हद्दीच्या आत तर आली नव्हतीस ना? हद्दीपलीकडच्या हापारांदाला कामाला बिमाला लागली असशील तर ते फार जवळ पडतं.

उत्तर दे. उत्तर न देणं हा सुद्धा बदलच झाला.

ताइमीमावशी


लोफोतेन, ९ फेब्रुवारी

मावशी,

पार्सल मिळालं. मोजे पायात आहेत. बदाम खाल्ला नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. हो, आले होते.

ठरवून नाही. मी काहीच ठरवून करत नाही, तुला ठाऊक आहे. एक ट्रक पूर्वेला मासा घेऊन निघाला होता आणि मी त्याच्यात बसले. मला वाटलं किरुनापर्यंत जाऊ, झाडं बघू. या बेटावर झाड नाही. मग किरुनाला वाटलं, हापारांदापर्यंत. आणि मग बसच्या खिडकीतून आपला पूल, गिरणीची चिमणी, आणि त्या धुराचा वास आला. सगळे लोक त्याला घाण म्हणतात. मला भूक लागली.

घरी गेले तर अंधार. मग आठवलं, आज सामना. हॉलपर्यंत चालत आले. रस्त्यावर एक माणूस नव्हतं, मावशी, एक कुत्रं नव्हतं. सगळं गाव उचलून कुणीतरी त्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं, आणि पेटीच्या फटींतून पिवळा उजेड. भुरुभुरु पडत होतं. बाहेर सगळ्यांच्या घसरगाड्या रांगेत. तुझी मी लगेच ओळखली आणि तिच्यावर बसले. मग उठून भिंतीला कान लावला. पत्रा गार होता, गाल चिकटेल इतका. आत पक फळीवर आपटला की ठोका माझ्या जबड्यात वाजायचा. लोकांचा आवाज शब्दासारखा ऐकू येतच नाही बाहेर. एक मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय असं वाटतं. गुणफलकाच्या दिव्याचं प्रतिबिंब वरच्या काचेत होतं, उलटं. तीन-एक, आपण पुढे.

दारापर्यंत गेले. मग विचार केला, आत गेले आणि काही झालं तर? म्हणून परत येऊन गाडीवर बसले. सामना संपला की तू बाहेर येशील, मग दचकवेन, असं ठरवलं. बघ, ठरवलं होतं एकदा.

आणि मग आतून तो आवाज यायचा थांबला. एकदा. मग अजून एकदा. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी उठले आणि बस स्टँडवर गेले.

एस्कोला सांग, त्याचं बरोबर आहे. मी भिंतीच्या या बाजूला असले तरी पुरतं.

पण रागावलेली नाही मी. इथे एक मोठी बोट आहे, ती समुद्रापार जाते, न्यूफाउंडलंडच्या बाजूला, वर्षभरासाठी. स्वयंपाकघरात हाताखाली मुलगी हवीय. चार मार्चला सोमवारी निघते. मी हो म्हणणार आहे. तिथे आपलं स्टेशन लागत नाही, पण पाणमांजरांना माझ्यापासून त्याहून लांब अंतर कुणी देऊ शकणार नाही. वरच्या विभागात राहतील, बघ.

सेन्या


कोइवुसाल्मी, २० फेब्रुवारी

सेन्या,

त्या दिवशी हॉलमधून बाहेर आलो तेव्हा सगळ्यांच्या घसरगाड्यांवर बर्फ साचला होता. माझ्या गाडीच्या बैठकीवर नव्हता. मी एस्कोला म्हटलं, “बघ, माझी तेवढी कोरडी.” तो म्हणाला, “वारा असेल.” मीही म्हटलं, वारा असेल. आणि लाम्पीला शिव्या देत घरी गेले.

दुसरं काय लिहू. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही.

तीन तारखेला शेवटचा सामना. घरी, सारसांशी. जिंकलो तर राहिलो, हरलो तर गेलो, इतकं सोपं झालंय. सगळं गाव हळू बोलतंय. कठड्याशी एस्कोने फर्मान काढलंय, कुणी जागा सोडायची नाही, ताप असला तरी, कुणी मेलं तरी. माझ्याकडे बघून म्हणाला, “ताइमीला सांगायला नको. ती बापाला पुरून संध्याकाळी सामन्याला आली होती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली.

एक विचारते. तुझ्याकडे रेडिओ पुरा सामना नीट लागतो ना, की मधेच जातो?

ताइमीमावशी


लोफोतेन, ३ मार्च

मावशी,

हे पत्र तुला उद्या बोट सुटायच्या आधी टाकेन. पेटी भरून झाली. पेटी कसली, पिशवीच.

तू रेडिओबद्दल विचारलंस. एवढंच विचारलंस, म्हणून मी ते पत्र घेऊन जरा वेळ माशांच्या लाकडी मांडवांखाली फिरले. हजारो मासे वर टांगलेले, डोकी नसलेले, वाऱ्यावर एकमेकांना लागून लाकडासारखे वाजतात. तिथे रडलं तर कुणाला कळत नाही. पण मग वाटलं, बरोबरच आहे. शेवटचा सामना मी नीट ऐकावा एवढंच तुला वाटतंय, आणि ते काही कमी नाही. तर ऐक: माडीच्या पश्चिमेच्या खिडकीत, रेडिओखाली गळाच्या काट्यांची डबी ठेवली आणि तार पडद्याच्या दांडीला अडकवली की पुरा लागतो. जवळजवळ पुरा.

आत्ता चालू आहे. मी ऐकता ऐकता लिहितेय, म्हणजे अक्षर वेडंवाकडं येईल.

पहिलं सत्र शून्य-शून्य. हौतालाने लाम्पीचा एकट्याने आणलेला पक अडवला. निवेदक म्हणाला, सामना सुरू व्हायच्या आधी पोरगा दोन्ही खांबांशी बराच वेळ बोलत होता. मला इतकं बरं वाटलं! आज तो लवकर पडला नाही. किंवा पडला असेल आणि ते बरोबर असेल. तू म्हणतेस तसंच असेल. कठड्यावरून जास्त कळतं.

दुसऱ्या सत्रात सारसांनी एक टाकला. लाम्पीने नाही, दुसऱ्या कुणीतरी, नाव खरखरीत गेलं. मग बराच वेळ नुसती खरखर. मी डोळे मिटले तर दिसलं काय, इथला समुद्र गोठलाय. पार आपल्या पुलापर्यंत. आणि ओन्नी त्यावरून सावकाश येतोय, गुडघा दुखतोय तरी येतोय, बोटींमधून वाट काढत, आणि आपल्या कठड्यावरची सगळी माणसं किनाऱ्यावर उभी, तू मधोमध, डाव्या हाताला कोपर काढून. डोळे उघडले तर निवेदक ओरडत होता. ओन्नीच! एक-एक! बघ, मी झोपले असते तरी चाललं असतं.

आता तिसरं सत्र सुरू झालंय. निवेदक दुसऱ्या गावी गेलाय, तिथे कुणाला काही पडलेलं नाही, तरी तिथेच बसलाय मेला.

तू आत्ता तिथे उभी आहेस. आवाज आला तर ओळखीन. परवा आला होता वाटतं, एका निवेदकाच्या मागे, “लाम्पी, तुझे दात—” आणि पुढचं बुडालं.

हं, परत आला, कोइवुसाल्मी! आपल्या माणसाला दोन मिनिटांची शिक्षा. चौघांवर आलो. सारसांचा पूर्ण संच बर्फावर. मावशी, घट्ट धर काहीतरी.

खाली बोर्गहिल्ड हाका मारतेय. आत्ताच! मी ओरडले, “मासा नाही, थांब!” ती म्हणते, मासा नव्हे, माणूस. माशांच्या ट्रकमधून एक बाई उतरलीय आणि सरळ स्वयंपाकघरात शिरलीय. बूट काढत नाही. इथल्या भाषेतला एक शब्द तिला येत नाही. नाव विचारलं तर सांगत नाही, कॉफी दिली तर घेत नाही, नुसते दोन्ही हात वर धरून एका हाताची बोटं हलवते, मग दुसऱ्या हाताची, आणि माडीकडे बघते. बोर्गहिल्ड म्हणते, वेडी दिसते, हाकलू का?

इकडचे किती, तिकडचे किती, असंच ना ते?

पण आज घरचा सामना आहे. तू तर आयुष्यात घरचा सामना

जिन्यावर कुणीतरी येतंय. धापा टाकत, एकेक पायरी मोजल्यासारखं, आणि येता येता लाम्पीला आपल्या भाषेत शिव्या देतंय.